वाचकांचे प्रश्न : हॉटेलचे वायफाय वापरताना

दिवाळीच्या सुट्टीतील प्रवासानंतर हॉटेलांमधील वायफायविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न एकमेकांना पूरक असल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. विषय खासगीपणाचा असल्याने पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : औषध कंपनीच्या विक्री विभागात असल्याने महिन्यातील बरेच दिवस मला नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील हॉटेलांत काढावे लागतात. हॉटेलच्या वायफायवरून बँकेचे काम केले की पैसे गेलेच म्हणून समजा, असे माझे सहकारी सांगतात. उलट माझा भाचा म्हणतो, की आता सगळे एन्क्रिप्ट, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात, होऊन जाते, घाबरण्याचे कारण उरलेले नाही. कोणाचे खरे मानावे? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे एके काळी अक्षरशः खरे होते. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरसाठी 'फायरशीप' नावाची एक छोटी जोडणी (एक्स्टेन्शन) कोणीही उतरवून घ्यावी अशी खुली करण्यात आली. ती बसवून उघड्या वायफायवर नुसते बसले, तरी त्याच नेटवर्कवरील इतरांची फेसबुक किंवा ट्विटरची खाती एका क्लिकसरशी उघडत असत. त्यासाठी पासवर्ड माहीत असण्याची गरज नव्हती. त्या काळी बहुतेक संकेतस्थळे पासवर्ड टाकण्याचे पान तेवढे एन्क्रिप्ट करीत आणि पुढचा सारा व्यवहार उघडा ठेवीत. लॉगिन झाल्यावर ओळख म्हणून ब्राउझरला मिळालेली 'कुकी' प्रत्येक पानाबरोबर हवेतून उघडीच जाई, आणि ती ज्याच्या हाती लागे तो आपल्या नावाने आत शिरे. ही जोडणी तयार करणाऱ्याचा उद्देशच हा दोष चव्हाट्यावर आणण्याचा होता आणि तो बऱ्याच अंशी सफल झाला. जीमेलने त्याच वर्षाच्या आरंभी संपूर्ण व्यवहार एचटीटीपीएसवर, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील सारी देवाणघेवाण एन्क्रिप्ट करणाऱ्या पद्धतीवर, नेला होता, फेसबुकने २०१३ मध्ये तो सर्वांसाठी लागू केला. २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था त्यासाठी लागणारे, संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र विनामूल्य देऊ लागल्याने लहान संकेतस्थळांनाही सबब उरली नाही, आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारू लागला.

त्यामुळे आज आपण हॉटेलच्या खोलीत बसून बँकेचे अ‍ॅप उघडता, तेव्हा खात्यातील शिल्लक, पासवर्ड किंवा आपण कोणाला किती रक्कम पाठवली हे शेजारच्या खोलीतील माणसाला अथवा हॉटेलच्या राउटरलाही वाचता येत नाही. शिवाय ओटीपीचा एसएमएस मोबाईल कंपनीच्या यंत्रणेतून येतो आणि यूपीआयचे अ‍ॅप आपल्या सिमकार्डाशी बांधलेले असते. एवढ्यापुरते आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे.

मात्र मजकूर वाचता येत नाही याचा अर्थ काहीच दिसत नाही, असा होत नाही. सोसायटीच्या फाटकावरील वॉचमनला घरात काय बोलणे झाले हे कळत नसले, तरी कोण, केव्हा, कोणत्या घरी गेले आणि किती वेळ थांबले हे ठाऊक असते; हॉटेलच्या नेटवर्कचेही तसेच आहे. आपण कोणत्या बँकेच्या, कोणत्या रुग्णालयाच्या किंवा कोणत्या नोकरीविषयक संकेतस्थळावर गेलात, किती वाजता गेलात, साधारण किती माहितीची देवाणघेवाण झाली, हे सारे तेथे नोंदले जाऊ शकते, कारण संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याची विचारणा, म्हणजे डीएनएस, बहुधा उघडीच जाते आणि जोडणीच्या आरंभीही संकेतस्थळाचे नाव बहुतेक वेळा उघड सांगितले जाते. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' अशी सोय आहे. ती चालू केल्याने यांतील पहिली फट बुजते, दुसरी राहतेच. एखाद्या गंभीर आजाराविषयी किंवा चालू नोकरी सोडण्याविषयी आपण काही शोधत असाल आणि खोली कंपनीच्या नावे घेतलेली असेल, तर ही उरलेली फट बँकेच्या शिलकीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते, असे मला वाटते.

माझा सल्ला असा, की बँकेचे काम हॉटेलच्या वायफायवर केले म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु मोबाईलवर डेटा असताना आणि अशा कामाला फारसा डेटा लागत नसताना त्या दोन मिनिटांपुरते वायफाय बंद ठेवण्यात काहीच तोटा नाही. लॅपटॉपवर काम असेल तर आपल्याच फोनचा हॉटस्पॉट, चांगला पासवर्ड लावून, वापरावा. मुंबईबाहेर जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा आता बहुतेक वेळा हॉटेलच्या वायफायपेक्षा फोनचेच नेटवर्क वेगवान असते, हे आपल्यासारख्या फिरतीवरील माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी बंगळुरूला गेलो असताना हॉटेलच्या वायफायला जोडणी केली, तेव्हा खोली क्रमांक, आडनाव, मोबाईल क्रमांक आणि ओटीपी मागणारे पान आले. स्वागतकक्षात आधारकार्डाची झेरॉक्स दिलेली असताना पुन्हा मोबाईल क्रमांक कशासाठी? दुसरे असे, की त्या आधी एक संकेतस्थळ उघडताना 'तुमची जोडणी खासगी नाही' अशी लाल खूण असलेली सूचना आली. घाईत मी 'प्रगत' वर बोट ठेवून पुढे गेले. यात काही धोका झाला असेल का? — एक शिक्षिका, गिरगाव

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबईशीच निगडित आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईत सानपाडा येथील एका घरातील पासवर्ड नसलेल्या वायफायवरून पाठवण्यात आला होता. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कार्यालयाच्या वायफायचा तसाच गैरवापर झाला. ज्यांची वायफाय जोडणी होती त्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, पण पोलीस तपास प्रथम त्यांच्याच दाराशी येऊन थांबला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या, की सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख मोबाईलवरील संदेशाद्वारे किंवा छायाचित्र असलेल्या ओळखपत्राद्वारे पटवून घ्यावी. आपल्याला आलेला ओटीपी त्याच व्यवस्थेचा भाग आहे, तो मागितला जाणे गैर नाही. मात्र त्या पानावर जन्मतारीख, आधार क्रमांक, ईमेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील मागितला, तर तेथेच थांबावे; इंटरनेट सुरू करून देण्यासाठी यांपैकी कशाचीही आवश्यकता नसते. 'ऑफर व सवलतींची माहिती पाठवण्यास माझी संमती आहे' या ओळीपुढची आधीच भरलेली खूण काढून टाकण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि तो वापरावा.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण माझ्या मते हॉटेलच्या वायफायवरील खरा धोका याच जागी आहे. घडते ते असे. आपला फोन नेटवर्कला जोडला गेला, तरी लॉगिन होईपर्यंत हॉटेलची यंत्रणा आपल्याला बाहेर जाऊ देत नाही. आपण मागितलेले पान अडवून त्या जागी स्वतःचे लॉगिनचे पान पुढे करते. आपण एखादे संकेतस्थळ उघडायला जाता तेव्हा ब्राउझरची अपेक्षा त्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची असते आणि उत्तर देणारे यंत्र मात्र हॉटेलचे असते. ब्राउझरला हा तोतयेपणा दिसतो आणि तो लाल खूण दाखवतो. म्हणजे आपल्या बाबतीत बहुधा हॉटेलचेच यंत्र मध्ये आले होते आणि धोका झाला नसावा. परंतु खरा चोर मध्ये बसला असता, तरी फोनच्या पडद्यावर हीच सूचना, याच शब्दांत दिसली असती. या दोहोंतील फरक केवळ सूचना पाहून आपल्याला किंवा मलाही सांगता येणार नाही. म्हणूनच 'प्रगत' वर बोट ठेवून पुढे जाण्याची सवय लागू देऊ नये.

योग्य रीत अशी आहे. जोडणी झाल्यावर काही क्षण थांबावे. फोन स्वतःच एक साधे पान मागवून पाहतो आणि ते अडवले गेल्याचे लक्षात येताच 'नेटवर्कवर साइन इन करा' अशी सूचना वर दाखवतो. तिच्यावर बोट ठेवूनच लॉगिन करावे. ती आली नाही, तर पत्त्याच्या जागी 'नेव्हर एसएसएल डॉट कॉम' हे संकेतस्थळ टाइप करावे. ते मुद्दाम एन्क्रिप्शनशिवाय ठेवलेले असल्याने हॉटेलचे लॉगिनचे पान लाल सूचनेशिवाय उघडते. लॉगिन पूर्ण झाल्यानंतरही एखाद्या ओळखीच्या संकेतस्थळावर लाल सूचना आली, तर मात्र वायफाय त्याच क्षणी बंद करावे. सूचना ओलांडून गेल्यावर आपण कोठे पासवर्ड टाकला असल्यास तो आज मोबाईल डेटावरून बदलावा आणि त्या खात्यातील 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय वापरावा. पासवर्ड टाकला नसेल आणि त्या संकेतस्थळावर आधीपासून लॉगिनही केलेले नसेल, तर निश्चिंत राहावे.

लॉगिनच्या पानाविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने 'डार्कहोटेल' नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका हेरगिरीचा तपशील प्रसिद्ध केला. आशियातील महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांवर तिचा रोख होता. पाहुण्याने खोली क्रमांक आणि आडनाव टाकून लॉगिन केले, की त्याच्या संगणकावर एखाद्या नेहमीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्याची सूचना झळके, आणि ती स्वीकारताच हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरे. खोली क्रमांक आणि आडनाव यांमुळे नेमका हवा तोच माणूस हाती लागत असे. आपल्यासारख्या शिक्षिकेवर कोणी एवढे कष्ट घेणार नाही हे खरे, पण पद्धत साधी असल्याने ती कोणालाही वापरता येते. हॉटेलच्या वायफायवर असताना समोर आलेली कोणतीही 'अपडेट' स्वीकारू नये. ती घरी आल्यावर, सेटिंग्जमध्ये आपण होऊन जाऊन करावी.

प्रश्न : अंधेरीत विमानतळाजवळच्या हॉटेलात लग्नासाठी आलेल्या पाहुण्यांची व्यवस्था केली होती. वायफायच्या यादीत हॉटेलचे नाव चार वेळा दिसत होते. एकापुढे 'गेस्ट', एकापुढे 'लॉबी', एकाला कुलुपाची खूण, एकाला नाही. कोणते खरे हे कसे ओळखावे? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : यादी पाहून ते ओळखता येत नाही. वायफायच्या नावावर कोणाचीही मालकी नसते. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसलेला माणूसही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला हॉटेलचे नाव देऊ शकतो, आणि त्याचे सिग्नल अधिक जोरदार असतील तर यादीत तेच वर दिसते. म्हणून स्वागतकक्षात विचारून, शक्य तर लिहून घेतलेले नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहावे. खऱ्या नेटवर्कला पासवर्ड आहे असे सांगितले गेले आणि आपला फोन पासवर्ड न विचारताच जोडला गेला, तर चुकीच्या ठिकाणी आलो असे समजावे.

मुंबईकरांनी फोनमध्ये साठलेली जुनी नावे अवश्य तपासावीत. मुंबई सेंट्रलवर जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेचे मोफत वायफाय सुरू झाले आणि पुढे ते इतर अनेक स्थानकांवर आले. ते एकदा वापरलेल्या असंख्य फोनांमध्ये त्याचे नाव अजून जतन असेल. ज्या नेटवर्कला पासवर्डच नाही, त्याचे केवळ नाव जुळले की फोन आपण होऊन जोडला जातो, मग ते स्थानकावरचे असो वा हॉटेलच्या लॉबीत कोणी उभे केलेले असो. अशी नावे 'नेटवर्क विसरा' हा पर्याय वापरून पुसून टाकावीत आणि 'आपोआप जोडा' हा पर्याय बंद ठेवावा.

कुलुपाच्या खुणेविषयी थोडेसे. पासवर्ड असणे न असण्यापेक्षा चांगलेच. पण तो जेवणाच्या टेबलावर छापून ठेवलेला आणि सर्वांना एकच असेल, तर त्याचे संरक्षण मर्यादित असते. डब्ल्यूपीए-२ या वायफाय-सुरक्षेच्या, अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत, तो पासवर्ड माहीत असलेला आणि आपली जोडणी होतानाचा संवाद टिपणारा माणूस पुढील प्रवाहावरील वायफायचे आवरण काढू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ही उणीव दूर झाली आहे. दोन्ही बाबतींत एचटीटीपीएसचे आतील आवरण मात्र शाबूत राहते.

प्रश्न : प्रवासात व्हीपीएन चालू ठेवला की कशाचीच चिंता नको, असे ऐकले. मोफत मिळणारे एक अ‍ॅप घेतलेही आहे. ते पुरेसे आहे का, आणि ते कायदेशीर आहे का? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : व्हीपीएन आपल्या फोनपासून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बंद मार्ग तयार करतो, त्यामुळे आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो हे हॉटेलला दिसत नाही. परंतु तेच सारे आता व्हीपीएन कंपनीला दिसू लागते. तेव्हा हॉटेलवर विश्वास नाही म्हणून जिच्यावर विश्वास टाकायचा ती कंपनी कोण आहे, हे तपासणे भाग आहे. फेसबुकच्या मालकीचे 'ओनावो प्रोटेक्ट' हे मोफत व्हीपीएन अ‍ॅप लोक संरक्षणासाठी घेत होते आणि त्यातून त्यांच्या फोनवरील इतर अ‍ॅपच्या वापराची माहिती फेसबुककडे जात होती. ऑगस्ट २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या आक्षेपानंतर ते अ‍ॅप स्टोअरवरून काढून घेण्यात आले. आपले अ‍ॅप मोफत असेल आणि ते चालवण्याचा खर्च कोठून निघतो हे त्यात कोठेही स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते काढून टाकावे, असे मी आग्रहाने सांगेन. कंपनीने कामासाठी दिलेला व्हीपीएन असल्यास कंपनीचे काम त्यावरूनच करावे. खासगी शोधाशोध मात्र त्यावरून करू नये.

सर्वसाधारणपणे आपल्याकडे व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जतन करण्याचे निर्देश दिले आणि त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले येथील सर्व्हर हलवले, एवढे ध्यानात असू द्यावे.

व्हीपीएन म्हणजे अभेद्य कवच, असेही नाही. मे २०२४ मध्ये संशोधकांनी 'टनेलव्हिजन' नावाचा दोष उघड केला. नेटवर्कला जोडले जाताना राउटर आपल्या लॅपटॉपला पत्ता देतो, त्याबरोबरच 'माहिती या मार्गाने पाठव' अशी सूचनाही देऊ शकतो. राउटर दुष्टाच्या हाती असेल तर त्या सूचनेमुळे माहिती व्हीपीएनच्या बंद मार्गाबाहेरून जाऊ लागते, आणि पडद्यावर मात्र व्हीपीएन चालूच दिसतो. अँड्रॉइड ही सूचना मानतच नसल्याने त्याला ही बाधा होत नाही. लॅपटॉपवर गोपनीय काम असेल तर हॉटेलच्या वायफायवर व्हीपीएन लावण्यापेक्षा आपल्या फोनचा हॉटस्पॉट बरा, असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे.

प्रश्न : दादर स्थानकाजवळ आमचे वडिलोपार्जित लॉज आहे. पाहुणे वायफायशिवाय थांबत नाहीत म्हणून एक राउटर बसवला आहे; त्यावरच पाहुणे, बिलिंगचा संगणक आणि सीसीटीव्ही चालतात. माझी जबाबदारी कोठवर येते? — एक व्यावसायिक, दादर

उत्तर : आपले पत्र वाचून समाधान वाटले, कारण या विषयावर हॉटेलचालकाकडून विचारणा क्वचितच होते. पाहुण्याने कितीही काळजी घेतली तरी पाया आपल्या हातात असतो.

सर्वप्रथम पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे करावे. आपल्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' हा पर्याय बहुधा असेलच. नसेल तर दुसरी स्वतंत्र जोडणी घ्यावी, तिचा खर्च एखाद्या दिवसाच्या खोलीभाड्याइतकाच येईल. सध्याच्या मांडणीत तिसऱ्या मजल्यावरील पाहुण्याचा लॅपटॉप आणि आपला बिलिंगचा संगणक एकाच नेटवर्कवर आहेत, म्हणजे त्या संगणकावर एखादे फोल्डर 'शेअर' केलेले असेल तर ते पाहुण्याच्या पडद्यावर दिसू शकते. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड बसवणाऱ्या माणसाने ठेवला तोच असेल, तर तोही कोणालाही तर्काने ओळखता येण्याजोगा असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्यानंतर राउटरमधील 'क्लायंट आयसोलेशन' किंवा 'एपी आयसोलेशन' या नावाचा पर्याय चालू करावा; त्यामुळे एका पाहुण्याच्या उपकरणाला दुसऱ्याच्या उपकरणापर्यंत थेट पोहोचता येत नाही. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा, त्याचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे, आणि पाहुण्यांसाठीचा पासवर्ड वर्षानुवर्षे तोच ठेवू नये.

यंत्रणा बसवून देणाऱ्यावर सारे सोपवून निश्चिंत होता येत नाही, याचे एक उदाहरण देतो. मार्च २०१५ मध्ये हॉटेलांत पाहुण्यांच्या लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या 'इनगेट' या यंत्रात असा दोष सापडला, की इंटरनेटवरून कोणालाही पासवर्डशिवाय त्यातील फाइली वाचता आणि बदलताही येत होत्या. २९ देशांतील २७७ यंत्रे अशी उघडी आढळली, आणि त्यांतील काही हॉटेलच्या आरक्षण व बिलांच्या व्यवस्थेशीही जोडलेली होती. निर्मात्याने दुरुस्ती उपलब्ध करून दिली. पण ती प्रत्येक हॉटेलने आपल्या यंत्रात बसवून घ्यायची होती.

कागदांकडेही लक्ष द्यावे. अनेक लॉजमध्ये स्वागतकक्षावरील मुलगा पाहुण्याच्या आधारकार्डाचा फोटो स्वतःच्या फोनवर काढतो आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो फोटो त्या मुलाच्या गॅलरीत, त्याच्या क्लाउडवर आणि नोकरी सोडून गेल्यावरही त्याच्याजवळच राहतो. वायफायमधून जेवढी माहिती बाहेर जात नसेल तेवढी या मार्गाने जाते, आणि पाहुण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याऐवजी लॉजच्या मालकीचा एकच फोन किंवा स्कॅनर ठेवावा, आणि पाहुण्याने केवळ शेवटचे चार अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' दिले तर ते स्वीकारावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षिततेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा मोठा आकडा लहान लॉजसाठी नसला, तरी पाहुण्यांची माहिती जपण्याचे कर्तव्य आकारावर अवलंबून नाही.

पाहुण्यांचे वैयक्तिक हॉटस्पॉट अडवणारी यंत्रणा कोणी विकू पाहील, तर ती घेऊ नये. अमेरिकेत मॅरियट समूहाने नॅशव्हिल येथील आपल्या हॉटेलात परिषदेला आलेल्यांचे हॉटस्पॉट अडवल्याबद्दल तेथील दूरसंचार आयोगाने २०१४ मध्ये सहा लाख डॉलरचा दंड केला होता.

प्रश्न : खोलीतील स्मार्ट टीव्हीवर आपले खाते उघडणे आणि हॉटेलच्या संगणकावरून तिकीट छापणे कितपत योग्य? — एक वाचक, परळ

उत्तर : टीव्हीवर खाते उघडल्यास खोली सोडताना आठवणीने साइन आउट करावे, विसरल्यास फोनवरून त्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते उपकरण काढून टाकता येते. हॉटेलच्या सार्वजनिक संगणकावर मात्र आपले ईमेल कधीही उघडू नये. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने २०१४ मध्ये हॉटेलांना सावध केले होते, की त्यांच्या संगणकांवर प्रत्येक दाबलेली कळ टिपणारे प्रोग्राम बसवलेले आढळत आहेत. तेथे एचटीटीपीएस, व्हीपीएन काहीच उपयोगी पडत नाही, कारण पासवर्ड कळफलकावरच चोरला जातो. तिकिटाची फाइल आपल्या फोनवरून स्वागतकक्षाच्या ईमेलवर पाठवावी आणि त्यांच्याकडून छापून घ्यावी.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. आम्ही उभयता एका हॉटेलात चार दिवस राहून आलो आणि आठवड्याभरात खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश आला. मुलगा म्हणतो, हॉटेलच्या वायफायमुळे झाले. बँकेचे म्हणणे, चूक आमची. काय करावे? — एक ज्येष्ठ नागरिक, विलेपार्ले

उत्तर : आपल्याला झालेला मनस्ताप मी समजू शकतो. कारण शोधण्यापूर्वी तक्रार नोंदवणे अधिक निकडीचे आहे. हे उत्तर छापून येईपर्यंत न थांबता आपल्याला वेगळे पत्र पाठवले आहे. येथे ते इतरांसाठी देत आहे. रक्कम गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीवर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जात असताना ते मध्येच गोठवता येतात, पण त्यासाठी पहिले काही तास मोलाचे असतात. त्याच वेळी बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीही भार पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास भार मर्यादित राहतो. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हे त्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा 'चूक तुमची' एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नये. बँकेने ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते.

आता कारणाविषयी. आपण पाठवलेल्या तपशिलात, हॉटेलमधून निघाल्यावर दोन दिवसांनी 'अनामत रक्कम परत करायची आहे' असा फोन आल्याचा आणि एक अ‍ॅप उतरवून घेतल्याचा उल्लेख आहे. माझ्या मते रक्कम त्या अ‍ॅपमुळे गेली. वायफायने ती जाण्याची शक्यता फार थोडी आहे. प्ले स्टोअरबाहेरून, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून बसवलेले असे अ‍ॅप एसएमएस वाचते आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवते. तो फोन करणाऱ्याला आपले नाव, खोली आणि मुक्कामाच्या तारखा ठाऊक होत्या, म्हणजे माहिती कोठून तरी बाहेर गेली आहे. हा मुद्दा तक्रारीत ठळकपणे लिहावा आणि हॉटेललाही लेखी कळवून त्याची पोच घ्यावी. फोनमधील ते अ‍ॅप तक्रारीसाठी पडद्याचे फोटो काढून झाल्यावर मुलाच्या मदतीने काढून टाकावे, शक्य तर फोन 'फॅक्टरी रीसेट' करून घ्यावा, आणि नेटबँकिंगचा पासवर्ड व यूपीआय पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलावेत.